रात्रीचं दूध, आईची झोप

पाथर्डीकडच्या एका वस्तीवरून एक आजी, त्यांची सून आणि दीड महिन्याचा नातू माझ्या दवाखान्यात आले होते. आजींनी बाळ टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "बाई, पोरगं रातभर झोपत नाय. घडी घडी उठतंय. पाजलं की निजतंय, परत उठतंय. हिचं दूध पुरत नसंल. रातच्याला वरचं दूध चालू करू, का झोपंचं औषध देता?"

मी बाळाचं वजन केलं. जन्मल्यापासून ते सव्वा किलोनं वाढलं होतं. अंग भरलेलं, नजर टवटवीत, दिवसातून सात-आठ वेळा लघवी होत होती. दूध पुरत नाही असं म्हणायला कुठेच जागा नव्हती. सुनेला काही विचारावं म्हणून मी मान वर केली, तर ती बाकावर बसल्या बसल्या भिंतीला डोकं टेकून गाढ झोपली होती.

मी आजींना म्हटलं, "आजी, झोप बाळाला कमी पडत नाही. ती हिला कमी पडतेय. आपण औषध कुणाला द्यायचं?"

बालरोगतज्ज्ञ म्हणून नगर जिल्ह्यात माझी इतकी वर्षं गेली. बाळ रात्री झोपत नाही, ही तक्रार मी जितक्यांदा ऐकली तितकी दुसरी कुठली ऐकली नसेल. पण आईला झोप मिळत नाही, ही तक्रार घेऊन आलेलं घर मात्र क्वचितच भेटलं. म्हणून आज मी तुमच्याशी या दोघांच्या रात्रीबद्दल बोलणार आहे. अंगावर पिणारं बाळ रात्री का उठतं, त्यावर काय करू नये आणि मग आईनं झोपायचं तरी कधी, हे तीन प्रश्न आहेत.

पहिला प्रश्न आधी घेऊ. नुकतंच जन्मलेलं बाळ चोवीस तासांत चौदा ते सतरा तास झोपतं. म्हणजे ते आपल्यापेक्षा दुप्पट झोपतं. पण ही झोप तुकड्यातुकड्यांची असते. दोन तास झोप, मग दूध, पुन्हा झोप. त्याचं पोट चिमुकलं असतं. पहिल्या दिवशी एका वेळी चमचा-दीड चमचा चीक त्याला पुरतो. पुढे पोट मोठं होतं, पण आईचं दूध पचायला हलकं असल्यामुळे दीड-दोन तासांत ते रिकामंही होतं. म्हणून पहिल्या काही आठवड्यांत बाळ दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पितं. त्यातलं दोन-चार वेळचं पिणं रात्री येणारच.

निसर्गात प्रत्येक प्राण्याच्या आईचं दूध तिच्या पिलाच्या गरजेप्रमाणे असतं. सशाची मादी आपल्या पिलांना दिवसातून साधारण एकदाच आणि तेही काही मिनिटंच पाजते. तिचं दूध इतकं दाट आणि स्निग्ध असतं की पिलं पुढचा दिवसभर त्यावर राहतात. माणसाच्या आईचं दूध त्यामानाने पातळ आहे. ते थोडं थोडं, वारंवार पिण्यासाठीच आहे. पातळ दूध म्हणजे निकस दूध नव्हे. बाळानं आईजवळ राहावं आणि सारखं प्यावं, अशीच ती योजना आहे.

दिवस आणि रात्र यांतला फरकही बाळाला जन्मतः कळत नाही. अंधार पडला की आपल्या शरीरात मेलॅटोनिन नावाचं एक द्रव्य तयार होतं आणि झोप येऊ लागते. बाळाच्या शरीरात हे चक्र सुरळीत सुरू व्हायला दोन-तीन महिने लागतात. तोपर्यंत काय? आईच्या रात्रीच्या दुधात हे मेलॅटोनिन असतं, दिवसाच्या दुधात ते जवळजवळ नसतं. म्हणजे रात्रीच्या दुधाबरोबर आई बाळाला रात्र झाल्याची खूणही देत असते. मात्र ती खूण बाळापर्यंत पोहोचायची तर रात्री अंधार हवा. पाजताना ट्यूबलाइट लावली, समोर टीव्ही चालू ठेवला किंवा हातात मोबाइल घेतला तर बाळही जागं होतं आणि आईचीही झोप उडते. झिरोचा बल्ब पुष्कळ झाला. उलट दिवसा बाळाला अंधाऱ्या खोलीत कोंडू नका. घरातला उजेड, आवाज, माणसांची ये-जा त्याला कळू द्या.

रात्रीच्या दुधाचा आईलाही उपयोग आहे. दूध तयार करायला लावणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री जास्त प्रमाणात असतं. बाळ जितकं पितं तितकं दूध पुन्हा तयार होतं. स्तन बराच वेळ भरलेले राहिले तर शरीराला संदेश जातो की दूध नको आहे. विहिरीचा उपसा थांबला की पाझर मंदावतात, तसंच हे आहे. आणखी एक गोष्ट. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल, फक्त अंगावरच पीत असेल आणि आईची पाळी परत आली नसेल, तर पुन्हा दिवस राहण्याची शक्यता फार कमी, शंभरात दोनपेक्षा कमी असते. पण त्यासाठी दोन पाजण्यांमध्ये दिवसा चार आणि रात्री सहा तासांपेक्षा जास्त अंतर पडता कामा नये. रात्रीचं पाजणं बंद केलं की हे संरक्षणही जातं.

आता काय करू नये ते सांगते. इथे मला माझीच चूक सांगावी लागेल.

१९८६ साली मला मुलगी झाली. मी तेव्हा पदव्युत्तर शिक्षण घेत होते. पुस्तकं पाठ होती, पण बाळ अडीच महिन्यांचं होईपर्यंत माझे डोळे सुजून आले होते. रात्री चार वेळा उठायचं आणि सकाळी आठला वॉर्डात हजर राहायचं. शेवटी मी स्वतःच ठरवलं की रात्रीची बाटली सुरू करायची. सासूबाई आनंदानं पाजायच्या. पहिल्या दोन रात्री मी मेल्यासारखी झोपले. तिसऱ्या रात्री स्तन दगडासारखे झाले, ताप भरला. आठ-दहा दिवसांनी दिवसाचं दूधही कमी वाटू लागलं, म्हणून दिवसाचीही एक बाटली आली. महिनाभरात मुलीला जुलाब लागले आणि मी सलाईनची बाटली धरून तिच्या उशाशी बसले. त्यानंतरच्या रात्री मी किती झोपले असेन ते तुम्हीच ठरवा. इतरांच्या बाळांना बाटली देऊ नका म्हणून सांगणाऱ्या डॉक्टरच्या घरात हे घडलं. मला गरज झोपेची होती आणि मी उपाय शोधला दुधावर.

बाटलीनं झोप वाढते हा समज फार पक्का आहे. २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीन महिन्यांच्या बाळांच्या आईवडिलांची झोप मोजली होती. ज्या घरांत बाळ रात्री फक्त अंगावर पीत होतं, तिथले आईवडील रात्री सरासरी चाळीस ते पंचेचाळीस मिनिटं जास्त झोपत होते. कारण सरळ आहे. बाटली करायला उठावं लागतं, पाणी उकळावं लागतं, ते निवेपर्यंत थांबावं लागतं. तोवर बाळ रडून लाल होतं आणि सगळं घर जागं होतं. कुशीतल्या बाळाला पाजायला दिवाही लावावा लागत नाही. बाळाला लवकर खिमट किंवा भाताची पेज भरवली की ते रात्रभर झोपतं, हाही असाच एक समज. सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळाला आईच्या दुधाशिवाय काही लागत नाही, पाणीसुद्धा नाही. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हातही नाही.

आणि बाळ रात्रभर सलग झोपलंच पाहिजे हे तरी कुणी ठरवलं? २०१८ साली कॅनडातल्या एका अभ्यासात दिसलं की सहा महिन्यांची तीनात एकाहून अधिक बाळं रात्री सलग सहा तास झोपत नव्हती. वर्षाची झाल्यावरही चारात एकाहून अधिक बाळं तशीच होती. उठणाऱ्या आणि न उठणाऱ्या बाळांच्या वाढीत, हुशारीत फरक आढळला नाही. शेजारच्या घरातलं बाळ रात्रभर झोपतं म्हणून आपल्या बाळात खोट काढू नका. त्याच्या आईच्या दुधातही काढू नका.

बाटलीपेक्षाही मला भीती वाटते ती झोपेच्या औषधांची. सर्दीचं सायरप एक चमचा जास्त दिलं की बाळ गप्प पडतं, हे काही घरांना ठाऊक झालं आहे. तान्ह्या बाळाला अशी औषधं दिल्यानं श्वास मंदावू शकतो. गुटी उगाळताना कुणी त्यात झोपेची म्हणून काही पूड टाकत असेल तर तेही तितकंच घातक आहे.

ही सवय आजची नाही. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या कापडगिरण्यांत काम करणाऱ्या बायका तान्ह्या मुलांना अफूची बाळागोळी देऊन कामावर जायच्या. १९२२ च्या सुमारास डॉ. बार्न्स नावाच्या एका डॉक्टर बाईंनी सरकारसाठी पाहणी केली. गिरणीकामगार बायकांच्या बहुतेक सगळ्याच तान्ह्या मुलांना अफू दिली जात असल्याचं त्यात दिसून आलं. त्या आया काही निर्दय नव्हत्या. दिवसभर यंत्रापुढे उभं राहायचं, रात्री झोपायलाच हवं आणि बाळाला बघायला कुणी नाही, अशा कोंडीत त्या होत्या. पुढे मुंबई कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेचं विधेयक आलं, तेव्हा जुलै १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ साली तो कायदा मुंबई प्रांतात झाला. स्वातंत्र्यानंतर १९६१ साली देशासाठी कायदा झाला आणि २०१७ साली पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा सव्वीस आठवड्यांची झाली. नोकरदार बाईच्या रात्रीच्या झोपेमागे असा इतिहास आहे.

पण ही रजा आपल्या जिल्ह्यातल्या कितीजणींपर्यंत पोहोचते? पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून दिवाळीच्या आगेमागे हजारो जोडपी ऊसतोडीला बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. बाई कामावर गेली नाही तर खाडा पडतो. काही वर्षांपूर्वी आरोग्य शिबिराच्या निमित्तानं मी एका साखर कारखान्याच्या तळावर गेले होते. पाचटाच्या कोपीत महिन्याभराची एक बाळंतीण बसली होती. तिला मी नेहमीचा प्रश्न विचारला, बाळ रात्री किती वेळा उठतं? ती हसली. म्हणाली, "दोनदा उठतंय. पर बाई, मीच तीनला उठतीया. भाकरी करायच्या, पाणी भरायचं, चारला फडात. कधी रातच्याला गाडी लागली की मोळ्या भरायला जायाचं. मंग निजायचं कव्हा?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिच्यापुढे दुपारी बाळाबरोबर झोपत जा असं म्हणण्याची मला लाज वाटली. मग शेजारच्या कोप्यांतल्या बायका जमल्या. त्यांच्यातल्या एका वयस्कर बाईनं सुचवलं की सवा महिना होईपर्यंत तिच्या भाकरी आम्ही पाळीपाळीनं थापू, तिला पाचपर्यंत निजू द्या. रात्रीच्या गाडीला तिच्या नवऱ्याबरोबर तिचा दीर गेला तरी चालेल. हे काही मोठं आरोग्य धोरण नव्हतं. त्यातून तिला दोन तास जास्त मिळाले. अंगावर पाजणाऱ्या बाईला सलग दोन तास म्हणजे काय, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांनाच कळेल.

घराला किंवा शेजाराला हे सांगायला त्यांच्यातलंच कुणीतरी लागतं. डॉक्टरनं सांगितलेलं दारापर्यंत येतं, चुलीपर्यंत जात नाही. ही गोष्ट आपल्याच जिल्ह्यानं जगाला दाखवून दिली आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला ग्रामीण आरोग्याचं काम सुरू केलं. त्यांनी गावातल्याच बायकांना, पुष्कळदा निरक्षर आणि दलित समाजातल्या बायकांना, आरोग्य सेविका म्हणून तयार केलं. गरोदरपणातला आहार, बाळंतपण, चीक पाजणं, जुलाबात घ्यायची काळजी, हे सगळं त्या शेजारणीच्या अंगणात बसून सांगत. काम सुरू झालं तेव्हा त्या भागात जन्मणाऱ्या दर हजार बाळांमागे पावणेदोनशेच्या आसपास बाळं वर्षाच्या आत दगावत. काही वर्षांतच हे प्रमाण निम्म्याहून खाली आलं. १९७९ साली आरोळे दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

देशभरात आज आशा ताई जे काम करतात, ते याच वाटेवरचं आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशा ताईंनी घरी येऊन आईबाळाला पाहायचं असतं. माझी त्यांना विनंती आहे की बाळाचं वजन आणि तापमान पाहून झालं की आणखी एक प्रश्न विचारा: काल रात्री तू किती तास झोपलीस? आणि तो सासूसमोर, नवऱ्यासमोर विचारा. ऊसतोडीला गेलेली बाळंतीण मात्र गावच्या ताईलाही सापडत नाही आणि कारखान्याच्या गावच्या ताईलाही ती आपली वाटत नाही. तिची नोंद दोन्हीकडे व्हायला हवी.

मग घरानं नेमकं काय करायचं? पाजणं हे एकच काम आईशिवाय कुणाला करता येत नाही. बाकी सगळी कामं दुसऱ्या कुणालाही करता येतात. बाळाला उचलून तिच्याजवळ देणं, पिऊन झाल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढणं, दुपटं बदलणं, रडलं तर फिरवणं. बाळ साधारणपणे संध्याकाळी सारखं सारखं पितं आणि मग पहिली जरा लांब झोप घेतं. त्याच वेळी आईनंही झोपायला हवं. म्हणजे रात्री आठ-साडेआठला. घरात सगळ्यांची जेवणं उरकून, भांडी घासून ती अकराला अंथरुणाला पाठ टेकणार असेल, तर तिची सगळ्यात मोलाची झोप आपण ओट्यावर घालवली. पहाटेचं पाच वाजताचं दूध झालं की बाळ आजीनं किंवा बापानं घ्यावं आणि तिला सातपर्यंत उठवू नये. नळाला पाणी पहाटे येतं, टँकर अवेळी येतो, हे मला माहीत आहे. पण हंडा भरायला बाळंतिणीनंच उठायला हवं असं कुठे लिहिलंय?

तरुण बाप मला सांगतात, डॉक्टर, शेतीची वीज रात्रीची असते, पाटाला पाणी द्यायला जावं लागतं. खरं आहे. मग त्यांना मी विचारते, रात्री बारी धरली की सकाळी तुम्ही झोपता ना? घर तुम्हाला झोपू देतं ना? तुमची बायकोही रोज रात्री बारी धरते. तिला सकाळची झोप का नाही? हा हिशेब त्यांना लगेच कळतो.

आई झोपून पाजू शकली तर तिची निम्मी दमणूक वाचते. झोपून पाजलं की बाळाचा कान फुटतो, अशी भीती आपल्याकडे घातली जाते. उताणं झोपवून बाटलीनं पाजताना तो धोका असतो. आई कुशीवर आणि बाळही तिच्याकडे तोंड करून कुशीवर, असं अंगावर पाजलं तर काही होत नाही. बाळाचं नाक मोकळं असावं, एवढं बघायचं. पिणं झालं की बाळाला उताणं करायचं. पालथं झोपवायचं नाही. बाळांना उताणं झोपवण्याचा प्रचार ब्रिटनमध्ये १९९१ पासून आणि अमेरिकेत १९९४ पासून झाला, तेव्हा झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण तिथे निम्म्याहून कमी झालं.

बाळ आईच्या अंथरुणात असावं की वेगळं? अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२२ साली सांगितलं की बाळ आईच्याच खोलीत, पण वेगळ्या अंथरुणावर असावं. स्तनपानावर काम करणाऱ्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०२० साली म्हटलं की अंगावर पाजणाऱ्या आईजवळ, धोके टाळून, बाळ झोपलं तर तिला घाबरवू नये. आपल्याकडे तर बाळ आईच्या कुशीतच असतं. म्हणून धोके कोणते ते नीट लक्षात ठेवा. अंथरुणातलं कुणीही दारू पिऊन झोपलेलं नसावं. झोपेच्या गोळ्या घेतलेल्या नसाव्यात. बाळाच्या तोंडाजवळ उशी, जाड रजई नको. राईची उशीही नको. बाळाच्या एका बाजूला फक्त आई असावी, मोठी भावंडं नसावीत. खाट आणि भिंत यांत फट नसावी. बाजेची दोरी सैल पडली असेल तर आवळून घ्या, नाहीतर बाळ खोलगट जागेत घसरतं. सोफ्यावर किंवा खुर्चीत पाजता पाजता झोपी जाणं हे सगळ्यात धोक्याचं आहे. त्यापेक्षा जमिनीवर घातलेली सपाट गादी बरी. वस्तीवर विंचूकाट्याची, सापाची भीती असते, तिथे मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचून घ्या. बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं असेल, तर त्याचं अंथरूण आईच्या हाताच्या अंतरावर, पण वेगळंच ठेवा.

थंडीत बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी ठेवून दारंखिडक्या लावून घेण्याची रीत अजून आहे. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो, रंग नसतो. आई आणि बाळ दोघंही झोपेतच गुदमरू शकतात. शेक घ्यायचा तो दार उघडं ठेवून घ्या आणि झोपण्याआधी शेगडी बाहेर काढा. मिश्री लावणाऱ्या आयांनाही एक सांगते. तंबाखूतलं निकोटिन दुधात उतरतं आणि त्यानं बाळाची झोप कमी होते. बाळ झोपत नाही म्हणून कंटाळून मिश्री लावायची आणि मिश्रीमुळे बाळ आणखी जागायचं, असं हे चक्र आहे.

काही वेळा मात्र घरी थांबू नका. बाळ पिण्यासाठीही उठत नसेल, सुस्त पडलं असेल, अंग तापलं किंवा गार पडलं असेल, पहिल्या आठवड्यानंतर दिवसातून सहापेक्षा कमी वेळा लघवी होत असेल, वजन वाढत नसेल, तर लगेच डॉक्टरकडे या. फार झोपणारं बाळ गुणी म्हणून कौतुक करण्याआधी त्याचं वजन करा. आईकडेही तसंच लक्ष ठेवा. आपल्या राज्यात निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. तिच्या थकव्याचं कारण केवळ जागरण नसेल. आणि बाळ झोपलेलं आहे, कुणी उठवणारं नाही, तरीही तिला झोप येत नसेल, ती सारखी रडत असेल, कशातच मन लागत नसेल, काहीतरी वेडंवाकडं बोलत असेल, तर ती नखरे करत नाही. तो आजार आहे आणि तो उपचारानं बरा होतो. १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येतं. ती फोन करणार नाही. तुम्ही लावून तिच्या हातात द्या.

शेवटी पुन्हा त्या आजींकडे येते. औषध न मिळाल्यानं त्या थोड्या नाराजच होत्या. निघताना मी त्यांना विचारलं, "आजी, बाळाची पाचवी केली होती?" त्यांचा चेहरा खुलला. "केली की! सटवाई नशीब लिहायला यायची, म्हणून आमी समद्या बायका रातभर जागलो. बाळबाळंतिणीला एकलं नाही सोडलं."

मी म्हटलं, "मग आजी, तेवढंच करा. सगळी रात्र नको. पहाटे पाचला बाळ घ्या आणि हिला दोन तास निजू द्या. रोज."

त्या काही बोलल्या नाहीत. पदर सावरून सुनेजवळ गेल्या. तिला हलवून उठवायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. मग बाळ आपल्या मांडीवर घेऊन त्या तिच्या शेजारी बाकावर बसल्या. बाहेर पुढचे पेशंट होते. मी पुढचं नाव पुकारलं. त्या तिघांची पाथर्डीची एसटी त्या दिवशी चुकली.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)